श्रीनिवास रामानुजन् आणि यादींतून सुटलेली संख्या

ज्यांचें चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यांचें नांव आमच्या शाळेंतील लहानमोठ्या सर्वच विद्यार्थ्यांनीं ऐकलेलें आहे. परंतु नांव ऐकणें निराळें आणि त्या पुरुषानें कोणतें काम केलें हें समजून घेणें निराळें. रामानुजन् म्हटलें कीं आमचे विद्यार्थी मोटारीच्या एका क्रमांकाची गोष्ट सांगतात आणि तेथेंच थांबतात. ती गोष्ट खरी आहे व पुढें तिच्या जागीं ती येईलच. पण तेवढ्यानें या माणसाची ओळख पटते असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून आज एक मोठी संख्या हातीं घेऊन तिच्या आधारानें त्यांचें चरित्र सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती संख्या अशी: २,९३,३१,८६,२५,६००, म्हणजे एकोणतीस हजार तीनशें एकतीस कोटी, शहाऐंशीं लक्ष, पंचवीस हजार सहाशें. हिच्यांत विशेष तें काय, हें कळावयास वाचकांनीं थोडा धीर धरला पाहिजे; कारण संख्येच्या आधीं माणूस आला पाहिजे.

श्रीनिवास रामानुजन् यांचा जन्म इ. स. १८८७ च्या डिसेंबर महिन्याच्या २२ व्या तारखेस तामिळ मुलखांतील ईरोड या गांवीं, आजोळीं झाला. त्यांचे वडील कुंभकोणम् येथें एका कापडाच्या दुकानांत कारकुनी करीत. पगार अल्प आणि घर लहान. आई कोमलताम्माळ या मोठ्या करारी व भाविक होत्या, आणि देवळांत भजनें म्हणून त्या संसारास चार पैशांची जोड देत. कावेरीकांठच्या या देवळांच्या गांवांत रामानुजन् लहानाचे मोठे झाले. इ. स. १८९७ सालीं प्राथमिक परीक्षेंत ते जिल्ह्यांत पहिले आले व गांवच्या टाऊन हायस्कुलांत दाखल झाले. तेथें गणितांतील त्यांच्या हुशारीचा लवकरच बोलबाला झाला. लोनी यांचें त्रिकोणमितीवरील पुस्तक कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठीं लिहिलेलें. तें त्यांनीं शाळेंत असतांनाच मागून आणून, कोणाच्याही मदतीवांचून पुरें केलें.

इ. स. १९०३ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षीं, त्यांच्या हातीं आणखी एक पुस्तक पडलें. कार नांवाच्या इंग्रज शिक्षकानें परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीं केलेला तो संग्रह होता. त्यांत सुमारें पांच हजार सिद्धांत एकापुढें एक मांडलेले होते. सिद्धता बहुतेक नाहींतच, आणि जेथें आहेत तेथें एकदोन ओळींच्या. पुस्तक कांहीं थोर म्हणतां येणार नाहीं. आजच्या भाषेंत त्याला गाईडच म्हणावें लागेल, आणि विद्यार्थ्यांच्या हातीं गाईड दिसलें कीं आम्ही शिक्षक कसे रागावतों हें सर्वांस माहीत आहे! पण या विद्यार्थ्यानें त्यांतील सिद्धांत पाठ केले नाहींत. प्रत्येक सिद्धांत हें एक कोडें समजून त्यानें तो आपल्या रीतीनें सोडविला, आणि सोडवितां सोडवितां पुस्तकांत नसलेले नवे सिद्धांत त्याला दिसूं लागले. ते तो एका वहींत उतरून ठेवूं लागला. सिद्धता न लिहितां केवळ निष्कर्ष लिहावयाचा, ही त्या पुस्तकाची खोड मात्र त्याच्या अंगीं जन्मभर राहिली.

इ. स. १९०४ सालीं शाळा सोडतांना रामानुजन् यांना गणिताचें बक्षीस मिळालें व कुंभकोणम् च्या सरकारी कॉलेजची शिष्यवृत्तिही मिळाली. येथवर सर्व सुरळीत होतें. कॉलेजांत मात्र त्यांचें चित्त गणितावांचून दुसऱ्या कशांतही रमेना. इंग्रजीचा तास असो कीं इतिहासाचा, यांच्या वहींत आंकडे. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ते इतर विषयांत नापास झाले व शिष्यवृत्ति बंद पडली. आणि फी भरण्याची घरांत ऐपत नव्हती. इ. स. १९०५ मध्यें कोणास न सांगतां ते घर सोडून दूर विशाखापट्टणम् कडे निघून गेले. पुढच्या वर्षीं मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजांत त्यांनीं पुन्हा नांव घातलें; पण फर्स्ट आर्ट्सच्या परीक्षेंत ते १९०६ सालीं नापास झाले आणि १९०७ सालींही नापास झाले. गणिताच्या पत्रिकेंत त्यांची बरोबरी करणारा कोणी नव्हता, आणि शरीरशास्त्राच्या पत्रिकेंत त्यांना जेमतेम गुण मिळत.

येथें आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. दर वर्षीं निकालानंतर कांहीं पालक आमच्याकडे येतात आणि मुलाच्या एका विषयांतील गुणांकडे बोट दाखवून बाकीच्या विषयांचें काय करावें असें विचारतात. त्यांना देण्याजोगें सोपें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. रामानुजन् यांची गोष्ट सांगून त्यांचें समाधान करावें तर तें खोटें होईल. कारण नापास होणारा प्रत्येक मुलगा रामानुजन् नसतो, आणि स्वतः रामानुजन् यांना त्या नापाशीची जी किंमत द्यावी लागली ती फार मोठी होती. पदवी नाहीं म्हणून नोकरी नाहीं, नोकरी नाहीं म्हणून पोटभर अन्न नाहीं, अशीं चार पांच वर्षें त्यांनीं काढलीं. कागद विकत घेणें परवडत नसे, म्हणून ते पाटीवर गणित करीत आणि हातांत फडकें घेण्यास वेळ लागतो म्हणून कोपरानेंच पाटी पुसत. जें उत्तर टिकावें असें वाटे तेवढेंच वहींत जाई. पुसलें गेलेलें किती होतें याची कल्पना त्यावरून करावी.

इ. स. १९०९ सालीं आईनें त्यांचें लग्न जानकी या लहान मुलीशीं लावून दिलें. आतां मिळवतें होणें भाग होतें. आपल्या वह्या बगलेस मारून रामानुजन् दारोदार फिरूं लागले. त्यांना शिफारस नको होती; कोणी तरी वही उघडून पाहावी, एवढीच त्यांची मागणी होती. इ. स. १९१० मध्यें ते रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांस भेटले. हे गृहस्थ स्वतः गणिताचे व्यासंगी होते व हिंदुस्थानांतील गणितज्ञांचें मंडळ त्यांनींच १९०७ सालीं स्थापन केलें होतें. या मंडळाचें ग्रंथालय त्या काळीं आपल्या पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत असे, आणि तेथील प्रिन्सिपॉल रँग्लर परांजपे यांनीं १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन साऱ्या महाराष्ट्रास अभिमान वाटावयास लाविला होता. त्याच मंडळाच्या नियतकालिकांत १९११ सालीं रामानुजन् यांचा पहिला लेख छापून आला. तेथेंच त्यांनीं एक प्रश्न घातला होता: वर्गमुळाच्या आंत वर्गमूळ, त्याच्या आंत पुन्हा वर्गमूळ, अशी न संपणारी मांडणी. तिची किंमत काढावयाची होती. किती तरी महिने गेले. एकाही वाचकाकडून उत्तर आलें नाहीं. उत्तर होतें नुसतें ३.

नेलोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनीं कांहीं काळ दरमहा २५ रुपये देऊन त्यांचा निर्वाह चालविला. पण फुकटचें अन्न खाणें रामानुजन् यांना रुचेना. इ. स. १९१२ च्या मार्च महिन्यांत मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्यें त्यांना ३० रुपये पगाराची कारकुनाची जागा मिळाली. तेथील हिशेबखात्याचे मुख्य नारायण अय्यर हे गणित जाणणारे होते, आणि अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग हे उदार मनाचे इंजिनियर होते. या दोघांनीं कारकुनाच्या खतावण्यांपेक्षां त्याच्या वह्यांची अधिक काळजी वाहिली. दोघांच्या उत्तेजनानें रामानुजन् यांनीं १६ जानेवारी १९१३ रोजीं केंब्रिजचे प्रोफेसर हार्डी यांना पत्र लिहिलें व त्यासोबत आपले शंभराहून अधिक सिद्धांत पाठविले. याआधीं दुसऱ्या इंग्रज पंडितांस लिहून पाहिलें होतें; त्यांच्याकडून कांहीं निष्पन्न झालें नव्हतें. हार्डी यांनाही प्रथम हें पत्र एखाद्या विक्षिप्ताचें वाटलें. परंतु त्याच रात्रीं त्यांनीं आपले मित्र लिटलवुड यांस बोलावून घेतलें. दोघांनीं ते कागद पुढें मांडले, आणि उठण्यापूर्वीं त्यांची खात्री झाली कीं, हे सिद्धांत असामान्य बुद्धीच्या माणसावांचून दुसऱ्या कोणास सुचणारे नव्हत.

मद्रास युनिव्हर्सिटीनें नियम बाजूला ठेवून या पदवी नसलेल्या कारकुनास दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ति दिली. विलायतेस जाण्याला मात्र आईची संमति मिळेना. समुद्र ओलांडणें त्या घराण्यांत निषिद्ध मानीत. पुढें आईस कुलदेवता नामगिरि हिचा स्वप्नांत कौल मिळाला व ती राजी झाली, असें सांगतात. १७ मार्च १९१४ रोजीं रामानुजन् मद्रासहून जहाजानें निघाले आणि एप्रिलमध्यें केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत पोंचले. तीनचार महिन्यांत महायुद्ध पेटलें. लिटलवुड युद्धाच्या कामावर गेले, कॉलेज ओस पडलें, भाजीपाल्याची टंचाई झाली. रामानुजन् कट्टर शाकाहारी असून स्वतः स्वयंपाक करीत. तोही गणिताच्या नादांत कधीं वेळेवर, कधीं दिवसांतून एकदांच. या काळांत, या थंडीत, त्यांनीं आपला सर्वांत लांब लेख लिहिला. आमची संख्या त्या लेखाशीं बांधलेली आहे.

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेंही निःशेष भाग जात नाहीं तिला मूळ संख्या म्हणतात, हें आमच्या खालच्या वर्गांतील मुलांसही ठाऊक आहे. २, ३, ५, ७, ११ या तशा संख्या होत. युक्लिडच्या काळापासून गणितज्ञांचें चित्त या मूळ संख्यांनीं वेधून घेतलेलें आहे. रामानुजन् यांनीं तोंड फिरवून दुसऱ्या टोकाकडे पाहिलें. सर्वांत कमी विभाजक असलेल्या संख्या सोडून, सर्वांत अधिक विभाजक कोणाचे, असा प्रश्न त्यांनीं केला. ज्या संख्येचे विभाजक तिच्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येच्या विभाजकांपेक्षां अधिक भरतात, अशा संख्या त्यांनीं निवडून काढल्या. आम्ही येथें त्यांस अतिविभाज्य संख्या म्हणूं. १२ ही तशी आहे, कारण तिचे सहा विभाजक आहेत आणि बाराच्या आंत सहा विभाजक कोणाचेच नाहींत. त्यापुढें २४, ३६, ४८, ६०, १२० असा क्रम लागतो. आमच्या पूर्वजांनीं अहोरात्राच्या घटका साठ केल्या त्या उगीच नव्हत. साठाला बारा विभाजक आहेत. शंभर ही संख्या त्याहून इतकी मोठी असूनही तिचे विभाजक नऊच. प्लेटो या ग्रीक तत्त्ववेत्त्यानें आपल्या कल्पनेंतील नगरांत ५०४० कुटुंबें असावीं असें सुचविलें, तेंही याच कारणासाठीं. ५०४० चे विभाजक साठ आहेत व वांटणी करावयास ती संख्या फार सोयीची. हा आंकडा विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावा; तो पुन्हा भेटणार आहे.

विभाजक मोजण्याची रीत सोपी आहे. संख्येचे मूळ अवयव पाडावे, प्रत्येक अवयव किती वेळां आला तें लिहावें, त्या प्रत्येक आंकड्यांत एक मिळवावा, आणि आलेल्या आंकड्यांचा गुणाकार करावा. साठांत २ दोन वेळां, ३ एकदां आणि ५ एकदां येतो. म्हणून तीन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे बारा. एक कां मिळवावयाचा? कारण विभाजक तयार करतांना २ हा अवयव मुळींच न घेणें, एकदां घेणें किंवा दोनदां घेणें, अशा तीन वाटा आपल्यापुढें असतात.

रामानुजन् यांनीं सिद्ध केलें कीं, अतिविभाज्य संख्येंत मूळ अवयव २ पासून ओळीनें, मधला एकही न गाळतां, आलेच पाहिजेत. त्यांची आवृत्ति पुढें जातां जातां वाढतां कामा नये. आणि ४ व ३६ या दोन संख्या सोडल्या तर शेवटचा अवयव एकदांच आला पाहिजे. यांतील पहिल्या दोन गोष्टींचें कारण कोणासही समजेल. २० मध्यें २ दोनदां व ५ एकदां येतो. मधला ३ गाळलेला आहे. ५ च्या जागीं ३ घातला तर विभाजक तितकेच, सहा, राहतात आणि संख्या लहान होऊन १२ होते. म्हणून २० ला या पंक्तींत स्थान नाहीं. तिसरी गोष्ट मात्र अशी सहजासहजीं सुटणारी नाहीं, आणि तिच्यापुढें तर रामानुजन् इतक्या खोल पाण्यांत शिरले कीं, या लेखांत असमानतांच्या बीजगणितावर त्यांनीं जें प्रभुत्व दाखविलें त्याची हार्डी यांनीं मोकळ्या मनानें वाखाणणी केली. लेख १९१५ सालीं लंडनच्या गणित मंडळाच्या कार्यवृत्तांत छापला. पानें साठाहून अधिक. याच कामावरून केंब्रिजनें १९१६ च्या मार्चमध्यें त्यांना बी. ए. ची पदवी दिली. मद्रासेंत दोनदां नापास झालेल्या विद्यार्थ्यास ही पहिली पदवी मिळाली, आणि ती कोणत्याही विषयाची पत्रिका न लिहितां!

त्या लेखांत एक कोष्टक आहे. रामानुजन् यांनीं अतिविभाज्य संख्या एकापुढें एक हातानें काढून शंभरावर मांडल्या आणि ते ६७,४६,३२,८३,८८,८०० या संख्येपर्यंत जाऊन पोंचले. यंत्र नाहीं, मदतनीस नाहीं. पाटी, कागद आणि डोकें. प्रत्येक संख्येच्या वेळीं तिच्याहून लहान असलेली दुसरी कोणती संख्या तिला मागें टाकीत नाहीं ना, याची खातरजमा करावयाची. एवढ्या लांबच्या वाटेंत त्यांची एकच संख्या सुटली. पुढें दुसऱ्या गणितज्ञांनीं तें कोष्टक तपासलें तेव्हां ती उणीव दिसून आली. सुटलेली संख्या म्हणजे आमची २,९३,३१,८६,२५,६००.

आतां हिच्याकडे नीट पाहूं. हिच्यांत २ सहा वेळां, ३ चार वेळां, ५ दोन वेळां, ७ दोन वेळां आणि ११, १३, १७, १९ हे एकेकदां येतात. प्रत्येकांत एक मिळवून गुणाकार केला म्हणजे ७ गुणिले ५ गुणिले ३ गुणिले ३, आणि त्यापुढें चार वेळां २. उत्तर येतें ५०४०. म्हणजे प्लेटोच्या नगरांतील कुटुंबें जितकीं, तितकेच या संख्येचे विभाजक. आणि विभाजकांची ती संख्या स्वतःही अतिविभाज्य आहे. १ पासून २२ पर्यंत कोणत्याही संख्येनें हिला भागा, बाकी उरत नाहीं. २३ वर अडतें. पुन्हा २४, २५, २६, २७ आणि २८ यांनीं निःशेष भाग जातो आणि २९ वर अडतें. हिच्या सर्व विभाजकांची बेरीज केली तर ती मूळ संख्येच्या साडेपांच पटींहून अधिक भरते. ६ ही संख्या घेतली तर १, २, ३ आणि ६ यांची बेरीज १२, म्हणजे बरोबर दुप्पट. म्हणून जुन्या ग्रीकांनीं सहास परिपूर्ण म्हटलें व ज्यांची बेरीज दुपटीहून वर जाते त्यांस विपुल म्हटलें. आमची संख्या त्या दुसऱ्या वर्गांतली, आणि विपुलांतही फार विपुल.

हिच्या शेजाऱ्यांची ओळख करून घेतली तर मौज अधिक वाढते. १३,९६,७५,५३,६०० ही एक अतिविभाज्य संख्या कोष्टकांत आहे. तिचे विभाजक २६८८. तिला २३ नें गुणिलें तर एक नवा मूळ अवयव आंत येतो, विभाजक बरोबर दुप्पट म्हणजे ५३७६ होतात, आणि ३,२१,२५,३७,३२,८०० ही संख्या मिळते. ही कोष्टकांत आहे. पण त्याच संख्येला २३ ऐवजीं २१ नें गुणिलें तर नवा अवयव येत नाहीं; आधींच असलेल्या ३ ची आणि ७ ची आवृत्ति एकेकानें वाढते, विभाजक ५०४० होतात, आणि आमची संख्या हातीं येते. विभाजक थोडे कमी, पण संख्याही थोडी लहान. म्हणून तिचा हक्क खराच. दोघी पाठच्या बहिणी; २३ ची दिसली आणि तिच्या आधीं उभी असलेली २१ ची दिसली नाहीं. याहून नवल असें कीं, कोष्टकाची जी शेवटची संख्या, जेथें रामानुजन् थांबले, तिला २३ नें भागलें तर भागाकार येतो आमचीच सुटलेली संख्या. ज्यांना खोटें वाटत असेल त्यांनीं पाटी घ्यावी.

मोठ्यांची चूक सांगितली म्हणून आमची धाकटी चूकही सांगितली पाहिजे. मागें एकदां नववीच्या वर्गांत ३६० चे सर्व विभाजक आम्हीं फळ्यावर लिहिले व मोजून तेवीस आहेत असें सांगितलें. मागच्या बांकावरील एक मुलगी उभी राहिली आणि हे तेवीस असूं शकत नाहींत असें म्हणाली. कारण विचारलें तेव्हां तिनें सांगितलें कीं, विभाजक नेहमीं जोडीनें येतात, एकाला दुसऱ्यानें गुणिलें म्हणजे संख्या होते. जोडीदार नसलेला विभाजक फक्त पूर्ण वर्गांत सांपडतो, जसा ३६ मध्यें ६. आणि ३६० हा पूर्ण वर्ग नव्हे. आम्हीं फळ्याकडे पाहिलें. ९ लिहिलेला होता, त्याचा जोडीदार ४० राहून गेला होता. विभाजक चोवीस. त्या दिवशीं वर्गांत जितका आनंद झाला तितका आमचें उत्तर बरोबर आलें असतें तर झाला नसता, हें कबूल केलें पाहिजे.

लेखाचा उत्तरार्ध मात्र छापला गेला नाहीं. युद्धाच्या दिवसांत लंडनच्या मंडळास पैशाची ओढ होती, आणि पुष्कळसा मजकूर तसाच बाजूला राहिला.

इ. स. १९१७ मध्यें रामानुजन् आजारी पडले, आणि त्यानंतर त्यांचे दिवस एका रुग्णालयांतून दुसऱ्या रुग्णालयांत जाऊं लागले. याच आजाराच्या काळांत, १९१८ सालीं, रॉयल सोसायटीनें त्यांना आपलें सभासद करून घेतलें आणि ट्रिनिटी कॉलेजानेंही फेलो केलें; त्या कॉलेजाचे ते पहिले हिंदी फेलो. मोटारीची प्रसिद्ध गोष्ट याच दिवसांतली आहे. हार्डी हे लंडनजवळ पट्नी येथें त्यांच्या समाचारास आले आणि आपण आलों त्या भाड्याच्या मोटारीचा क्रमांक १७२९ अगदींच सामान्य होता, असें सहज बोलून गेले. अंथरुणावरील रोग्यानें लगेच सांगितलें कीं, तो क्रमांक सामान्य नव्हे. दोन घनांची बेरीज म्हणून दोन निरनिराळ्या प्रकारांनीं लिहितां येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. १ आणि १२ यांचे घन मिळवा, किंवा ९ आणि १० यांचे मिळवा. दोन्ही वेळां १७२९. लोक या गोष्टीला चमत्कार म्हणतात. परंतु ज्यानें शंभरावर अतिविभाज्य संख्या एकेक करून हातानें काढल्या होत्या, ज्याची अशा संख्यांशीं लहानपणापासून उठबस होती, त्याला शेजारच्या घरांतील माणूस ओळखावयास चमत्कार कशाला हवा?

युद्ध संपल्यावर प्रकृतीस हवापाणी मानवेल म्हणून त्यांना मायदेशीं पाठविण्याचें ठरलें. १९१९ च्या मार्च महिन्यांत ते मुंबई बंदरांत उतरले. आई धाकट्या मुलास घेऊन त्यांना न्यावयास तेथें आली होती. जानकी आली नव्हती. पांच वर्षांपूर्वीं अंगानें भरलेला जो मुलगा आईनें पाठविला होता तो परत आला हाडांचा सांगाडा होऊन. मुंबईहून ते मद्रासेस गेले. दुखणें हटेना. जानकी त्यांच्या उशाशीं बसून औषधपाणी पाहत, आणि ते अंथरुणावर पडल्या पडल्या पाटी व कागद मागून घेत. १९२० च्या जानेवारींत त्यांनीं हार्डी यांना शेवटचें पत्र लिहिलें. त्यांत दुखण्याचें रडगाणें नव्हतें, तर थीटा फलांच्या एका सर्वस्वीं नव्या जातीचा शोध होता. २६ एप्रिल १९२० रोजीं मद्रासच्या चेटपेट भागांत त्यांचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांचें वय बत्तीस वर्षांचें होतें.

त्यांच्या कागदांची कथा पुढें फार वर्षें चालली. छापलेले सर्व लेख १९२७ सालीं एकत्र ग्रंथरूपानें निघाले. वह्यांचीं पानें जशींच्या तशीं छायाचित्रें घेऊन दोन खंडांत छापण्याचें काम १९५७ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें केलें. शेवटच्या वर्षांतील सुट्या कागदांचा एक गठ्ठा ट्रिनिटीच्या ग्रंथालयांत दुसऱ्या कागदांखालीं पडून होता; तो जॉर्ज अँड्रूज या अमेरिकन गणितज्ञास १९७६ सालीं सांपडला. जानकी अम्माळ यांनीं पतीच्या मागें मद्रासेंत शिवणकाम करून संसार चालविला आणि १९९४ सालीं त्या वारल्या. त्यानंतर तीन वर्षांनीं, १९९७ मध्यें, रामानुजन् यांच्याच नांवानें निघालेल्या नव्या गणित नियतकालिकाच्या पहिल्या खंडांत निकोला आणि रोबँ या दोन फ्रेंच गणितज्ञांनीं अतिविभाज्य संख्यांवरील लेखाचा तो राहिलेला उत्तरार्ध टिपा देऊन प्रसिद्ध केला. लिहिल्यापासून ऐंशीं वर्षें उलटून गेलीं होतीं. आज छापल्या जाणाऱ्या याद्यांत आमची संख्या आपल्या जागीं असते: २३ च्या बहिणीच्या एक पायरी अलीकडे.